वायफाय स्लो आहे? आधी वायर लावून बघ

अरे, लगेच कस्टमर केअरला फोन नको लावूस. आधी लॅपटॉप लॅनच्या वायरने थेट राउटरच्या डब्याला जोड आणि स्पीड टेस्ट मार, तिथे पूर्ण स्पीड आला तर लाईन ठीक आहे, घोळ वायफायचा, आणि तिथेपण रडत असेल तर मग कंपनीवाल्याला धर. वायर मात्र चांगली घे, आतली एखादी जोडी तुटली की गिगाबिट (1000 Mbps) पोर्टसुद्धा गुपचूप 100 Mbps वर येतो.

आपल्या मुंबईच्या बिल्डिंगीत खरी बोंब वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ बँडची, वर-खाली-बाजूला सगळ्यांचे राउटर तिथेच आणि एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11, त्यातला कमी गर्दीचा निवड, चॅनलची रुंदी 20 मेगाहर्ट्झ ठेव आणि फोन, टीव्ही 5 गिगाहर्ट्झ बँडवर टाक. पण 5 वाला भिंती ओलांडताना लवकर दमतो, म्हणून टीव्हीमागे नाहीतर लोखंडी कपाटाशेजारी कोंबलेला डबा बाहेर काढ (इन्स्टॉलेशनवाले दाराजवळच ठोकून मोकळे होतात).

एवढं करून बेडरूममध्ये रेंज नाहीच आली तर दुसरा राउटर लॅनने जोडून अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाक, म्हणजे तो वायरमधून नेट घेऊन तिथे वायफाय देईल. स्वस्तातला रिपीटर (वायफाय पकडून पुढे फेकणारा डबा) मला तरी पटत नाही, एकाच रेडिओवर घेणार आणि देणार, स्पीड जवळपास अर्धा.