शंका तुमच्या: सोर्समधून प्लगिन, आणि ६५ या आकड्याचं काय करायचं

प्रश्न : मी इंटेलिजे आयडिया २०२४.३ ही आयडीई (कोड लिहायचा प्रोग्राम) वापरतो. रोजच्या कामातलं एक प्लगिन या आवृत्तीवर ‘इनकम्पॅटिबल’ दाखवतं. सोर्समध्ये दुरुस्ती झाली आहे, पण नवं रिलीज निघालेलं नाही. म्हणून गिटहबवरून सोर्सची झिप उतरवून ‘इन्स्टॉल प्लगिन फ्रॉम डिस्क’मधून दिली, ती आयडीईने घेतली नाही. मग ग्रेडल रॅपर (सोर्समधून प्लगिन बांधणारं ग्रेडल चालवणारी, प्रोजेक्टसोबतची स्क्रिप्ट) चालवला, तर ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५’. जावा काढून पुन्हा टाकलं, तरी तेच. माझ्याकडे जावा २१ आहे. रॅपरच्या फाइलीत ग्रेडल ८.२ आणि बिल्ड फाइलीत जेव्हीएम टूलचेन १७ (म्हणजे जावा १७ ने कंपाइल करा) असं लिहिलेलं दिसतं.

उत्तर : जावाचा काही दोष नाही, त्याला छळू नका. ‘६५’ हा कंपाइल झालेल्या क्लास फाइलचा आवृत्ती क्रमांक. त्यातून ४४ वजा करा, २१ उरतात, म्हणजे जावा २१. ६१ म्हणजे जावा १७, ५२ म्हणजे जावा ८. हा हिशेब पाठ असला की अशा निम्म्या तक्रारी जागच्या जागी मिटतात. ग्रेडल स्वतःच जावावर चालतं, आणि जावा २१ वर चालायला त्याला ८.५ किंवा पुढची आवृत्ती लागते. तुमचं आहे ८.२. म्हणून प्लगिनच्या कोडची एक ओळही कंपाइल व्हायच्या आत गाडी अडली. जावा २१ पुन्हा टाकून पुन्हा २१च मिळणार ना!

ग्रेडलची आवृत्ती वाढवण्याचा मोह होईल. आवरा. ती वाढवली की इंटेलिजेचं ग्रेडल प्लगिन रुसू शकतं, ते वाढवलं की बिल्ड फाइल बदलावी लागते, आणि संध्याकाळी तुम्ही दुसऱ्याच्या प्रोजेक्टची डागडुजी करत बसलेले असता. परक्या सोर्सला त्याने मागितलेलं द्यावं, आपल्याकडे आहे ते त्याच्या गळ्यात मारू नये. जावा १७ हे २१ च्या शेजारी सुखाने राहतं. फक्त त्या टर्मिनलपुरता ‘जावा होम’ (कोणतं जावा वापरायचं ते सांगणारं सेटिंग) १७ कडे वळवा आणि रॅपरला ‘बिल्डप्लगिन’ हा टास्क द्या. पहिल्या खेपेला वेळ लागेल, कारण ज्या आयडीईसाठी प्लगिन बांधायचं ती अख्खी आयडीई ग्रेडल उतरवून घेतं. अडकलं समजून मधेच बंद करू नका.

एक मात्र आधी करा : बिल्ड फाइली उघडून वाचा. बिल्ड स्क्रिप्ट म्हणजे तुमच्या मशिनवर तुमच्याच अधिकारांनी चालणारा परक्याचा प्रोग्राम असतो. मी अनोळखी सोर्स वाचल्याशिवाय बांधत नाही. आणि झिपऐवजी गिटने क्लोन करा. गिटहबच्या झिपमध्ये सबमोड्यूल (आत जोडलेले दुसरे प्रोजेक्ट) येत नाहीत, गिटचा इतिहासही नसतो. काही प्रोजेक्ट आवृत्तीचा क्रमांक त्या इतिहासातूनच काढतात.

बिल्ड झाल्यावर ‘बिल्ड’ फोल्डरातल्या ‘डिस्ट्रिब्युशन्स’मध्ये एक झिप दिसेल. ती न उघडता तशीच द्यायची. शेजारी ‘लिब्ज’मध्ये जारही (कंपाइल झालेल्या कोडची फाइल) असते, आणि ती उचलणारे बरेच भेटतात. प्लगिनला लागणाऱ्या लायब्ररी त्या जारमध्ये नसल्या, तर इन्स्टॉल झाल्यासारखं वाटतं आणि पहिल्याच क्लिकला ‘क्लास नॉट फाउंड’. तुम्ही आधी दिलेल्या झिपमध्ये तर कंपाइल झालेलं काहीच नव्हतं, नुसता सोर्स होता. आयडीई ती घेणार कशी?

एवढं करूनही ‘इनकम्पॅटिबल’ आलं, तर ‘अनटिल बिल्ड’ (आयडीईच्या कोणत्या क्रमांकापर्यंत प्लगिन चालेल ती मर्यादा) बघा. २०२४.३ चा क्रमांक २४३. तिथे २४२ वर मर्यादा घातली असेल, तर आयडीई दार उघडणार नाही. हा आकडा प्लगिन एक्सएमएलमध्ये, ग्रेडल प्रॉपर्टीजमध्ये किंवा बिल्ड फाइलीत असतो. ही मर्यादा म्हणजे लेखकाचा अंदाज असतो, त्याने २४३ वर तपासलेलंच असेल असं नाही. वाढवायला हरकत नाही, पण नंतर ‘रनआयडीई’ हा टास्क चालवा. त्याने वेगळ्या सेटिंगांची तात्पुरती आयडीई उघडते. ती मात्र प्रोजेक्ट ज्या आवृत्तीवर बांधला आहे तीच असते, म्हणून प्लॅटफॉर्मची आवृत्तीच जुनी असेल तर त्या चाचणीला २०२४.३ बद्दल काही कळणार नाही. प्लगिन व्हेरिफायर २०२४.३ विरुद्ध चालवलात, तर काढून टाकलेल्या मेथड कुठे वापरल्या आहेत ते तो सांगतो.

पुढे मार्केटप्लेसवर वरच्या क्रमांकाची आवृत्ती आली की आयडीई अपडेट सुचवेल, आणि ते घेतलंत की तुमचं बांधकाम पुसलं जाईल. त्यात ही दुरुस्ती असेल तर बिनधास्त घ्या.

प्रश्न : व्हीएस कोड या एडिटरसाठी लिहिलेलं माझं एक्स्टेन्शन एफ-पाच दाबून (चाचणीसाठी) छान चालतं. व्हीएसआयएक्स (एक्स्टेन्शन इन्स्टॉल करायची फाइल) बनवून टाकलं की ‘कॅनॉट फाइंड मोड्यूल’.

उत्तर : ती लायब्ररी पॅकेज जेसनमध्ये ‘डेव्ह डिपेन्डन्सीज’खाली (फक्त विकास करताना लागणाऱ्या लायब्ररींच्या यादीत) टाकली आहे का, ते पहा. एफ-पाचच्या वेळी सगळं नोड मोड्यूल्स फोल्डर हाताशी असतं, म्हणून चूक लपते. व्हीएसआयएक्स बांधताना व्हीएससीई हे पॅकेजिंगचं साधन फक्त ‘डिपेन्डन्सीज’मधलं उचलतं. तिथे हलवा किंवा ईएसबिल्ड या बंडलरने सगळं एका फाइलीत बांधा. व्हीएसकोड इग्नोर फाइलीतली (पॅकेजमधून काय वगळायचं त्या यादीतली) एखादी उदार ओळही हा घोळ घालते, तीही तपासा. पॅकेज करण्याआधी व्हीएससीईचा ‘एलएस’ कमांड द्या. आत काय काय जाणार त्याची यादी येते.