ध्वनिसंपादनातलं मुडपणं आणि लय बदलणं

प्रश्न : ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या संगणकप्रणालीची मराठी माहितीपुस्तिका तयार करताना 'ट्रिम'साठी (ध्वनीच्या कडेचा नको तो भाग दूर करणे) 'कापणे' आणि 'टाइम-स्ट्रेच'साठी (सूर न बदलता कालावधी कमी-जास्त करणे) 'आवाज ताणणे' असे शब्द योजले आहेत. ते चालतील का?

उत्तर : 'कापणे' का नको, ते पुढे येईलच. 'आवाज ताणणे' तर कृपया बदलाच, कारण गाणाऱ्या-वाजवणाऱ्या वाचकाला त्यातून भलताच अर्थ लागेल.

आधी तेच घेऊ. तंबोऱ्याची तार ताणली की सूर चढतो. गवयाने आवाज ताणला असं म्हटलं की त्याला न झेपणारी पट्टी त्याने ओढूनताणून गाठली, असंच आपण समजतो. आवाजाच्या बाबतीत मराठीतल्या ताणण्याचा संबंध सुराशी आणि कष्टाशी आहे. 'टाइम-स्ट्रेच'मध्ये तर सूर जागचा हलता कामा नये, हीच पहिली अट. 'भाषण ताणलं', 'मालिका ताणली' असं आपण म्हणतो खरं, पण तिथे पाणी घालून लांबवल्याची तक्रार असते. शिवाय याच साधनाने ध्वनीचा कालावधी कमीही करता येतो. 'ताणून आखूड करा' हे वाक्य पुस्तिकेत कसं लिहिणार?

या क्रियेसाठी आपल्याकडे अगदी नेमका शब्द आहे : लय. तबलजी कायदा, म्हणजे बोलांची ठरावीक रचना, आधी ठाय म्हणजे संथ लयीत मांडतो, मग दुगुन करतो. बोल दुप्पट वेगाने येऊ लागतात, पण काळी दोनला (पेटीवरच्या एका पट्टीला) लावलेला तबला काळी दोनलाच बोलतो. आधीच मुद्रित झालेल्या ध्वनीकडून हेच करवून घेणं म्हणजे टाइम-स्ट्रेच. म्हणून 'लय वाढवणे' आणि 'लय कमी करणे' असं लिहा. निवेदनालाही ते चालतं. बोलण्याची लय हा प्रयोग रूढच आहे.

'वेग' हा शब्द मात्र इथे खर्च करू नका, तो दुसऱ्या आज्ञेसाठी लागणार आहे. मिनिटाला ३३ फेरे घेणारी तबकडी ४५ फेऱ्यांवर लावली की गाणं लवकर संपतं आणि गळाही बारीक होतो, हे जुन्या श्रोत्यांना चांगलं माहीत आहे. ऑडॅसिटीतली 'चेंज स्पीड अँड पिच' ही आज्ञा तसंच करते. हिशोब सोपा आहे : वेग दुप्पट केला की स्वर एक सप्तक चढतो आणि सुमारे ६ टक्के वाढवला की काळी एकमधलं गाणं पांढरी दोनमध्ये जातं. तेव्हा 'चेंज स्पीड'ला वेग, 'चेंज टेम्पो'ला लय आणि 'चेंज पिच'ला पट्टी. रियाजासाठी साथीची पट्टी बदलणाऱ्याला हे तीन शब्द दिले की आणखी काही समजवावं लागत नाही.

लय बदलण्याला मर्यादाही आहेत. ध्वनीचे काही मिलिसेकंदांचे तुकडे करून ते एकमेकांवर थोडे चढवत पुन्हा मांडले जातात, किंवा त्यातल्या कंपनांचं पृथक्करण करून नव्या कालावधीत ती परत जुळवली जातात. आलापातला दीर्घ 'आ' त्यामुळे सुखाने लांबतो. तबल्याचा 'ना' किंवा बोलण्यातले 'प', 'ट', 'क' हे क्षणात फुटणारे ध्वनी. त्यांच्यात लांबवण्यासारखं काही नसतंच. फार लय कमी केली की ठोका विसविशीत होतो, कधी एकाचे दोन ऐकू येतात.

आता 'ट्रिम'. २०२१मध्ये आलेल्या ३.१ आवृत्तीपासून क्लिपची, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या ध्वनीच्या तुकड्याची, कड माउसने आत सरकवली की तिथला ध्वनी ऐकू येईनासा होतो, पण नष्ट होत नाही. कड पुन्हा बाहेर ओढा, तो जसाच्या तसा परत येतो. हे कापणं नाही, हे 'मुडपणे' आहे. वाढत्या पोराच्या विजारीचे पाय शिंपी आत मुडपून शिवतो आणि उंची वाढली की उसवून सोडतो, तसं. इतकं चपखल क्रियापद घरात असताना ते न वापरणं मला पटत नाही. माउस नेमका कुठे धरायचा तेही पुस्तिकेत हवं : क्लिपच्या कडेच्या वरच्या भागात. तीच कड आल्ट दाबून ओढली तर ध्वनी न मुडपता त्याची लय बदलते. ही सोय ३.४ आवृत्तीत, म्हणजे २०२३मध्ये आली. एका कळीचा फरक, पण परिणाम पूर्ण वेगळा. म्हणूनच दोन्हींची क्रियापदं सहज वेगळी ओळखू यायला हवीत. 'डिलीट'ला 'काढून टाकणे' आणि 'स्प्लिट'ला 'तुकडे करणे' पुरे.

'कापणे' टाळण्यामागे एक व्यावहारिक कारणही आहे. समजा, मुलाखतीच्या शेवटी पाहुण्यांनी खासगीत काही सांगितलं आणि तुम्ही कड आत सरकवून ते 'कापलं'. प्रोजेक्टची, म्हणजे संपादनाचं काम साठवलेली, फाइल दुसऱ्याला दिलीत, तर तो कड बाहेर ओढून सगळं ऐकू शकतो. 'मुडपलं' असं वाचलेला माणूस इथे सावध राहील. अशा वेळी प्रोजेक्ट न देता एक्सपोर्ट केलेली वेव्ह किंवा एमपी३ फाइल द्यावी; तिच्यात कडांच्या आतलं तेवढंच उतरतं.