वाचकांचे प्रश्न : मधुमेह शिक्षण केंद्राची माणसं आणि वेळापत्रक

मधुमेही रुग्णांना आजार सांभाळायला शिकवणारं केंद्र चालवणाऱ्या किंवा नव्याने सुरू करू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेकांना शिकवायचं काय याची चिंता दिसते. आम्हाला मात्र जास्त काळजी रुग्णाला केंद्राकडे पाठवणारी डॉक्टरांची चिठ्ठी मिळाल्यापासून रुग्ण खुर्चीत येऊन बसेपर्यंतच्या दिवसांची वाटते. केंद्रं तिथेच कोलमडतात.

प्रश्न : आमच्याकडे महिन्याला साधारण २० नवे रुग्ण येतील. एक पूर्णवेळ नर्स पुरेल का?

तास पुरतील, माणूस पुरणार नाही. हिशोब मांडून पाहा. पहिली एकट्याची भेट ४५ मिनिटांची धरली तर २० जणांचे १५ तास. तीन महिन्यांनी अर्ध्या तासाची फेरभेट, तिचे १०. दहा-दहा जणांच्या दोन बॅचेस, प्रत्येकीला दोन तासांची चार सत्रं, म्हणजे १६ तास. पण गटसत्राला दोघं लागतात, म्हणून ३२. प्रत्येक सत्राच्या आधीची मांडामांड आणि नंतरची आवराआवर मिळून अर्धा तास, दोघांचे ८ तास. ४० वैयक्तिक भेटींच्या नोंदी दहा-दहा मिनिटांच्या, जवळपास ७ तास. बेरीज ७२. दुसऱ्या वर्षी वार्षिक उजळणीचे रुग्ण सुरू होतात, ते वेगळेच.

पूर्णवेळ माणसाचे महिन्याला १६० तास कागदावर दिसतात. रजा, बैठका, प्रशिक्षण आणि फोन वजा करून रुग्णांसाठी १०० धरावेत. म्हणजे काम एका पगारात बसतं. तरी एक पूर्णवेळ नर्स नेमण्यापेक्षा एक अर्धवेळ नर्स आणि एक अर्धवेळ आहारतज्ज्ञ नेमा. एकटी नर्स आजारी पडली की केंद्र बंद पडतं. शिवाय गटात एक जण बोलत असताना दुसऱ्याने लोकांकडे पाहायचं असतं : कोण गप्प बसलंय, कोणाला घाम फुटलाय, कोणाला ऐकू येत नाही. ब्रिटनमधला डेस्मंड हा टाइप २ मधुमेहासाठीचा सहा तासांचा कार्यक्रमही दोन प्रशिक्षित शिक्षक मिळूनच घेतात.

एक भर घाला. शिक्षणाचे एकूण तास १०च्या वर गेले की एचबीएवनसीत (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणाऱ्या रक्ततपासणीत) फरक पडण्याची शक्यता वाढते, असं अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातून दिसलं आहे. वरच्या आखणीत एका रुग्णाच्या वाट्याला सव्वानऊ तास येतात. सहाव्या महिन्यात प्रत्येक बॅचला तासाभराचं उजळणीसत्र ठेवलं की ही उणीव भरून निघते.

प्रश्न : समन्वयकाचं, म्हणजे रुग्णांना फोन करून तारखा देण्याचं आणि नोंदी ठेवण्याचं काम नर्सनेच जोडीला केलं तर चालेल ना?

कृपया असं करू नका. ‘जोडीला’ दिलेलं काम रुग्ण समोर बसला की मागे पडतं, आणि मागे पडतो तो नेमका न आलेल्या रुग्णाचा फोन. वीस रुग्णांच्या केंद्रात समन्वयकाला आठवड्याचे आठ ते दहा तास नेमणूकपत्रातच लिहून द्यावेत. माणूस वैद्यकीय क्षेत्रातला असायची गरज नाही. फोनवर धीराने बोलणारा आणि नोंदी चोख ठेवणारा हवा.

त्याच्या रजिस्टरात प्रत्येक रुग्णासमोर चार तारखा असाव्यात : चिठ्ठी मिळाली, पहिला फोन झाला, पहिली भेट झाली, बॅच पूर्ण झाली. महिनाअखेर या चार रकान्यांकडे नुसतं पाहिलं तरी अडतंय कुठे ते कळतं. पहिल्या दोन तारखांत अंतर असेल तर तुमचे तास कमी पडताहेत. दुसरी-तिसरी लांब असतील तर वेळा लोकांच्या सोयीच्या नाहीत. कामावर जाणाऱ्यांसाठी आठवड्यातून एक संध्याकाळ ठेवावीच लागते. बॅच अर्धवट सुटत असेल तर गळती कितव्या सत्रानंतर होते ते पाहा. पहिल्या सत्रानंतर होत असेल, तर त्यात बहुधा भाषण जास्त आणि लोकांचे प्रश्न कमी असतात.

चिठ्ठी मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत फोन, त्याच फोनवर तारीख आणि वेळ, आदल्या दिवशी आठवण. फोन लागला नाही तर दुसरा प्रयत्न वेगळ्या वेळी करावा. सकाळी अकराला न उचलणारा रात्री आठला उचलतो. तरीही आला नाही तर ज्या डॉक्टरांनी पाठवलं त्यांना लेखी कळवावं. फाइल गुपचूप बंद करायची नाही.

काही रुग्णांना बॅचची वाट पाहायला लावूच नये : नव्याने टाइप १ मधुमेह झालेले, इन्सुलिन सुरू झालेले, गरोदर स्त्रिया, आणि शुगर इतकी उतरलेली की दुसऱ्याची मदत घ्यावी लागली असे. यांच्यासाठी रोज एक तासाची जागा मोकळी ठेवा. ती रिकामी गेली तर नोंदींसाठी वापरा, पण आधीपासून भरू नका.

डॉक्टरांच्या चिठ्ठीचं म्हणाल तर रकाने थोडेच ठेवा : मधुमेहाचा प्रकार, निदान कधी झालं, शेवटचं एचबीएवनसी तारखेसह, चालू औषधं, मूत्रपिंड आणि डोळ्यांची स्थिती, वाचता-ऐकता येतं का, फोन आणि बोलायची सोयीची वेळ. लांबलचक फॉर्म कोणी भरत नाही.

प्रश्न : नर्स एक सांगते, आहारतज्ज्ञ दुसरं. रुग्ण गोंधळतात. काय करावं?

दोन पानांचं ‘एकच उत्तर’ लिहून काढा. त्यावर तारीख आणि जबाबदार डॉक्टरांची सही असावी, आणि वर्षातून एकदा ते तपासलं जावं. सगळ्यात आधी शुगर उतरण्याबद्दल लिहा : ग्लुकोमीटरवर ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासणी, अजूनही ७०च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली आणि पुढचं जेवण लांब असेल तर थोडं खाणं. चॉकलेट का नको, हेही लिहा : त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, हे ठळक अक्षरांत.

मग इन्सुलिन. इथे तोंडी विचारून भागत नाही, रुग्णाला स्वतःचं पेन घेऊन टोचून दाखवायला सांगा. बघायचं ते असं : नवी सुई लावून दोन युनिट हवेत सोडून थेंब पाहिला का, बटण दाबल्यावर दहा आकडे मोजून मगच सुई काढली का, आणि जुनी सुई पेनवर तशीच ठेवतो का. सुई लावून ठेवली की आत हवा शिरते, औषध गळतं आणि डोस कमी जातो. नंतर टोचायच्या जागा बोटांनी चाचपा. रोज त्याच जागी टोचल्याने तिथे गाठ धरते, आणि गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. मात्र ‘आता दुसरीकडे टोचा’ एवढंच सांगून घरी पाठवू नका. चांगल्या जागी तोच डोस जास्त लागू पडून शुगर उतरू शकते, म्हणून डोस कमी करायचा का हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावं लागतं. सिरिंज वापरणाऱ्याची बाटली आणि सिरिंज शेजारी धरून आकडे जुळवा. मिलीलिटरला १०० युनिटचं इन्सुलिन मिलीलिटरला ४० युनिटच्या खुणा असलेल्या सिरिंजने भरलं तर अडीचपट डोस जातो.

डोस बदलायचा अधिकार कोणाचा, हेही त्याच कागदावर हवं. लेखी परवानगी आणि मर्यादा ठरलेल्या नसतील तर शिक्षकाने डोसला हात लावू नये.

प्रश्न : जुने रुग्ण स्वयंसेवक म्हणून मदत करायला तयार आहेत. घ्यावं का?

जरूर घ्या. नव्या रुग्णाला धीर देणं, आठवणीचे फोन, सत्राची मांडणी ही कामं ते फार आपुलकीने करतात. औषधं आणि डोस यांवर त्यांनी बोलायचं नाही, रुग्णाची माहिती बाहेर न्यायची नाही, एवढं आधी लिहून सही घ्या. आणि प्रत्येकाला केंद्रातला एक माणूस ठरवून द्या, अडलं की विचारायला.

प्रश्न : बॅच संपल्यावर महिन्याभरात एचबीएवनसी केलं, फरक दिसला नाही. शिकवणं वाया गेलं का?

नाही. ही तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे महिन्याच्या आकड्यात शिकण्याआधीचे दिवसही मिसळलेले असतात. तीन महिन्यांनी करा. रक्तक्षय असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर आकडा फसवा येऊ शकतो, तेव्हा घरच्या ग्लुकोमीटरच्या नोंदी सोबत मागवा. तोवर फेरभेटीत तीन गोष्टी करून दाखवायला सांगा : शुगर तपासणं, इन्सुलिन असेल तर टोचणं, आणि रोज पाय तपासणं. पायाचा तळवा पाहायला आरसा घरात आहे का, हेही विचारा.