आधी राउटरचा प्लग काढून बघ

अनेक आशीर्वाद.

घरगुती उपकरणांच्या डिझाइनचं काम तुला मिळालं हे वाचून फार बरं वाटलं. त्यांना 'स्मार्ट' म्हणायची पद्धत पडली आहे, पण त्यांतल्या बऱ्याच वस्तूंची अक्कल दुसरीकडे गहाण असते. ॲपवर बोट टेकवलं की निरोप दूरच्या सर्व्हरकडे जातो, तिथून परत येतो आणि मग हातभरावरचा दिवा लागतो. २०१६ मध्ये 'रिव्हॉल्व्ह' या हबचे, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र जोडणाऱ्या डबीचे, सर्व्हर कंपनीने बंद केले आणि घराघरांतले धडधाकट हब निकामी झाले.

तरी बंद पडणाऱ्या वस्तूची मला एवढी धास्ती नाही. बंद पडली हे निदान कळतं. धास्ती आहे ती मुकाट चालत राहणाऱ्या वस्तूची.

जून १९९५ मध्ये 'रॉयल मॅजेस्टी' हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बोस्टनला निघालं. तासाभरातच जीपीएसच्या अँटेनाची केबल निसटली. यंत्र थांबलं नाही. जहाजाची दिशा आणि वेग यांवरून ते अंदाजाने जागा दाखवत राहिलं. वारा आणि प्रवाह त्या हिशेबात नव्हतेच. ऑटोपायलट त्याच अंदाजावर जहाज हाकत होता. पडद्यावर खूण होती, पण कशी? 'डीआर' अशी दोन बारीक अक्षरं, म्हणजे 'डेड रेकनिंग', अंदाजाने काढलेली जागा. रडारवर दिसलेला भलताच बोया (मार्ग दाखवणारी तरंगती खूण) अधिकाऱ्याने आपल्या मार्गावरचा आहे असं धरून चाललं. सुमारे ३४ तासांनी जहाज अमेरिकेच्या किनाऱ्यालगतच्या नँटकेट बेटाजवळ वाळूत रुतलं, तेव्हा ते १७ मैल भरकटलेलं होतं. जहाजावर दीड हजार माणसं होती. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

ती दोन बारीक अक्षरं कुणीतरी डिझाइन केली होती, हे माझ्या मनातून जात नाही. तुझं उपकरण अंदाजावर चालू लागलं, तर त्याने ते ओरडून सांगितलं पाहिजे. आणि हाताने चालवायची सोय काढू नकोस. भिंतीवरचं बटण बंद झालं की स्मार्ट दिवा ॲपला सापडत नाही, म्हणून लोक बटणावर चिकटपट्टी लावून 'बंद करू नये' असं लिहितात. अंधारात चाचपडणारा हात आधी त्याच बटणाकडे जातो गं! पाहुण्याला, म्हाताऱ्या माणसाला तुझं ॲप कुठून माहीत असणार?

येत्या रविवारी घरातल्या राउटरचा प्लग काढ आणि तासभर नेहमीसारखी वावर. काय बंद पडलं ते लिहून ठेव. काय खोटंच चालू असल्याचं दाखवत राहिलं, ते मला सविस्तर कळव.