नवख्या रिलीव्हरचे खाते

प्रश्न : माझी नात शाळेपासून सॉफ्टबॉल खेळते आणि उन्हाळ्यापासून पहाटे साडेचारला उठून अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचे सामने मोबाइलवर पाहते. गोदाघाटावर फिरायला निघण्यापूर्वी मीही चहा घेऊन तिच्या शेजारी बसतो. यंदा पदार्पण केलेला एक रिलीफ पिचर (रिलीव्हर), म्हणजे सामना सुरू करणाऱ्याच्या जागी मध्येच चेंडू टाकायला येणारा खेळाडू, तिचा लाडका आहे. पहिल्या दहा सामन्यांत त्याने दहा इनिंगमध्ये केवळ २ धावा दिल्या. अकराव्या सामन्यात मात्र एकच बॅटर बाद करून त्याने ५ धावा दिल्या आणि त्याचा ईआरए १.८० वरून एकदम ६.१० झाला. दुसऱ्याच दिवशी संघाने त्याला खालच्या लीगमध्ये धाडले. ‘आजोबा, एका दिवसात माणूस इतका वाईट होतो का?’ असे तिने विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. अशा खेळाडूचा पहिला हंगाम मोजावा तरी कसा?
— एक निवृत्त शिक्षक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आपण शिक्षक आहात, तेव्हा हा हिशेब प्रथम वहीत मांडू. पिचरने स्वतःच्या जबाबदारीवर दिलेल्या धावांना ९ ने गुणून, त्याने टाकलेल्या इनिंगनी भागले की ईआरए निघतो. क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे झालेल्या धावा यातून वगळतात. तिघे बाद झाले की इनिंग संपते, म्हणून एक बॅटर बाद म्हणजे एक तृतीयांश इनिंग. आपल्या नातीच्या पिचरच्या नावावर आता १० पूर्णांक एक तृतीयांश इनिंगमध्ये ७ धावा आहेत, म्हणून ६.१० हा आकडा अगदी बरोबर आहे. तो पुन्हा ३.०० वर आणायचा असेल, तर त्याला यापुढे १० पूर्णांक दोन तृतीयांश इनिंग एकही धाव न देता टाकाव्या लागतील. रिलीव्हर एका वेळी साधारण एकच इनिंग टाकतो आणि रोज येत नाही, हे लक्षात घेतले तर वीस मिनिटांत झालेले नुकसान भरून काढायला त्याला जवळजवळ महिना निर्दोष खेळावे लागेल. सामना सुरू करणारा पिचर एका दिवसात पाच-सहा इनिंग टाकतो, त्यामुळे त्याचा एखादा वाईट दिवस मोठ्या बेरजेत मुरून जातो. रिलीव्हरची बेरीज मुळातच लहान असते आणि नवख्याची तर अगदीच चिमुकली असते.

याहून मोठी गंमत वारशाने मिळालेल्या धावपटूंची आहे. मी काही वर्षे गोल्फ क्लब मैदानावर स्थानिक क्रिकेट सामन्यांचे स्कोअरिंग केले आहे. तेथे नियम सरळ असतो : ज्याच्या चेंडूवर धाव निघाली, त्याच्या नावापुढे ती लिहायची. बेसबॉलच्या वहीत तसे नाही. ज्या पिचरने धावपटूला बेसवर जाऊ दिले, त्याच्याच नावावर ती धाव चढते, मग ती प्रत्यक्षात होताना चेंडू कोणीही टाकलेला असो. समजा दोघे बाद आहेत, तिन्ही बेस भरलेले आहेत आणि अशा वेळी नवख्या रिलीव्हरला आणले. त्याने पहिल्याच बॅटरला असा फटका मारू दिला की तिघेही घरी पोहोचले आणि त्यानंतरचा बॅटर बाद केला. सामना हातचा गेला, प्रेक्षक हताश झाले, तरी त्याच्या खात्यावर एक तृतीयांश इनिंग आणि शून्य धावा लागतात आणि त्याचा ईआरए चक्क सुधारतो. त्या तीन धावा आधीच डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बाकावर, जाऊन बसलेल्या पिचरच्या माथी बसतात. याच्या उलटही घडते. आपल्या नातीच्या पिचरच्या त्या ५ धावांपैकी किती त्याच्यादेखत झाल्या आणि किती त्याच्यामागून आलेल्या पिचरने होऊ दिल्या, हे तिला धावफलक उघडून सहज पाहता येईल. मला विचाराल तर तिने आधी तेच पाहावे.

आता खालच्या लीगमध्ये धाडण्याविषयी. ही शिक्षा असेलच असे नाही, पुष्कळदा तो निव्वळ मनुष्यबळाचा हिशेब असतो. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल लीगच्या, हंगामात १६२ सामने असतात, चमूत २६ खेळाडू असतात आणि त्यांपैकी पिचर १३ हून अधिक ठेवता येत नाहीत. एखादा सामना बाराव्या इनिंगपर्यंत लांबला, तर दुसऱ्या दिवशी बुलपेनमधील (रिलीव्हर जेथे हात गरम करतात त्या जागेतील) निम्मे हात थकलेले असतात आणि ताज्या दमाचा पिचर बोलावण्यासाठी कोणाला तरी खाली पाठवणे भाग पडते. अनुभवी खेळाडूला त्याच्या संमतीवाचून किंवा तो दुसऱ्या संघाच्या हाती जाण्याचा धोका पत्करल्यावाचून सहसा पाठवता येत नाही. नवख्याला मात्र साधारणतः तीन हंगामांपर्यंत असे वर-खाली करण्याची मुभा संघाला असते. म्हणून गाडीत जागा कमी पडली की धाकट्याला मांडीवर घ्यावे, तसे येथे नवख्याचेच नाव पुढे येते. यात खेळाडूंची फार ओढाताण होऊ लागली, तेव्हा २०२२ पासून एका हंगामात एका खेळाडूला पाचपेक्षा अधिक वेळा असे खाली पाठवता येणार नाही, असे ठरले. खाली गेलेल्या पिचरला सामान्यतः १५ दिवस तेथेच राहावे लागते. जखमी खेळाडूच्या जागी बोलावले, तरच तो लवकर परततो. तेव्हा नातीला म्हणावे, पंधरवडा मोज.

हंगाम मोजायचाच असेल, तर मी ईआरए बाजूला ठेवून बुलपेनमधला फोन पाहीन. डगआउटमधून मैदानाच्या टोकाशी असलेल्या बुलपेनमध्ये फोन वाजतो, पिचर उठून हात गरम करतो आणि पुष्कळदा तसाच पुन्हा खाली बसतो. त्या तीस-चाळीस चेंडूंचा थकवा खांद्याला जाणवतो, पण अधिकृत आकडेवारीत त्यांची नोंद नसते. नवख्याला पहिला फोन बहुधा संघ सहा धावांनी मागे असताना येतो, कारण तेव्हा बिघडण्यासारखे फारसे उरलेले नसते. पुढे विश्वास बसला की सामना बरोबरीत असताना, मग सातव्या इनिंगमध्ये एका धावेची आघाडी असताना त्याला बोलावले जाते. नातीला एक वही करायला सांगा : तो आला तेव्हा धावांतील फरक किती होता, बेसवर कोण होते, आदल्या दिवशी तो खेळला होता का, आणि त्याने किती स्ट्राइकआउट केले (तीन स्ट्राइकवर बाद) व किती जणांना वॉक (चार चेंडू चौकटीबाहेर पडल्याने फुकट मिळणारा बेस) दिले. मे महिन्यातील पान आणि ऑगस्टमधील पान शेजारी ठेवले, की प्रशिक्षक त्याच्याविषयी काय समजतात ते मुलाखतींपेक्षा स्पष्ट कळेल. २०२० पासून आणखी एक नियम आला आहे. इनिंग संपली किंवा दुखापत झाली तर गोष्ट वेगळी, एरवी आलेल्या पिचरला किमान तीन बॅटरना तोंड द्यावेच लागते. त्यामुळे पहिले दोघे बेसवर गेले म्हणून नवख्याला लगेच मागे घेण्याची सोय उरलेली नाही.

एका वाईट संध्याकाळचे सर्वांत ठसठशीत उदाहरण अटलांटा ब्रेव्हजच्या क्रेग किम्ब्रेलचे आहे. २०११ हा त्याचा पहिला पूर्ण हंगाम. त्यात त्याने ७९ सामन्यांत ४६ सेव्ह मिळवून नवख्यांचा विक्रम केला. (मोठी आघाडी नसताना शेवटी येऊन ती राखणाऱ्या पिचरला सेव्ह मिळतो. एक इनिंग टाकायची असेल, तर आघाडी तीन धावांहून अधिक नसावी लागते.) मधल्या काळात त्याने सलग ३७ पूर्णांक दोन तृतीयांश इनिंग एकही धाव दिली नव्हती. आणि २८ सप्टेंबरला, हंगामाच्या अखेरच्या दिवशी, प्लेऑफची आशा टिकवण्यासाठी विजय हवा असताना, नवव्या इनिंगमध्ये ३-२ ही आघाडी त्याच्या हाती दिली गेली. त्याचा चेंडू काही केल्या स्ट्राइकच्या चौकटीत पडेना, वॉकमागून वॉक गेले, बरोबरी झाली आणि ब्रेव्हज तेराव्या इनिंगमध्ये ४-३ असे हरून स्पर्धेबाहेर पडले. त्यांच्या जागी पुढे गेलेल्या सेंट लुईस कार्डिनल्सनी त्या वर्षीची वर्ल्ड सीरिजही जिंकली. तरीही नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवखा म्हणून किम्ब्रेलची निवड एकमताने झाली आणि पुढच्या वर्षी त्याचा ईआरए १.०१ होता. त्या रात्रीनंतर त्याला कोणी खाली धाडले नाही, हे खरे. पण ४६ रात्री विश्वास कमावलेल्या माणसाची ती रात्र होती. आपल्या नातीच्या पिचरच्या गाठीशी अजून दहाच आहेत.

प्रश्न : जपानमध्ये दहा वर्षे खेळून आलेल्या, तिशी ओलांडलेल्या पिचरला अमेरिकेत ‘रुकी’ कसे म्हणतात? हा प्रकार मला चमत्कारिक वाटतो.
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : चमत्कारिक आहे खरा, पण नियमाला धरून आहे. मेजर लीगमध्ये पूर्वी ५० हून अधिक इनिंग टाकलेल्या नाहीत आणि ४५ हून अधिक दिवस मुख्य चमूत काढलेले नाहीत, तर तो पिचर नवखा धरतात. इतर देशांतील लीगचा अनुभव यात मोजला जात नाही. म्हणूनच सिअ‍ॅटल मरिनर्सचा काझुहिरो सासाकी २००० साली ३२ व्या वर्षी ‘नवखा’ ठरला, त्याने ३७ सेव्ह घेतले आणि अमेरिकन लीगचा नवख्यांचा पुरस्कार पटकावला.

मला स्वतःला १९५२ सालचा हॉइट विल्हेल्म अधिक आवडतो. दुसऱ्या महायुद्धात लढून, जखमी होऊन परतलेला हा पिचर न्यूयॉर्क जायंट्सकडून पदार्पण करताना २९ वर्षांचा होता. त्या हंगामात ७१ सामन्यांत तो प्रत्येक वेळी रिलीव्हर म्हणूनच उतरला, १५ विजय मिळवले आणि २.४३ हा लीगमधील सर्वांत कमी ईआरए नोंदवला. बॅट हातात घेतल्यावर पहिल्याच पाळीत त्याने होमरन मारला आणि त्यानंतरच्या एकवीस हंगामांच्या कारकिर्दीत पुन्हा एकदाही मारला नाही! १९८५ साली हॉल ऑफ फेममध्ये गेलेला तो पहिला रिलीव्हर. याउलट १९७६ चा सहविजेता नवखा बुच मेट्झगर ११ विजय आणि १६ सेव्ह घेऊनही १९७८ नंतर मेजर लीगमध्ये दिसला नाही.

प्रश्न : मी भालाफेकपटू आहे, वय १९. भारतीय मुलांना थेट अमेरिकेत पिचर म्हणून घेतले होते, असे ऐकले. हे खरे आहे काय? मीही प्रयत्न करावा काय?
— एक विद्यार्थी, सातपूर

उत्तर : खरे आहे. २००८ साली भारतात भरलेल्या चेंडूफेकीच्या स्पर्धेतून निवडलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातील दोघांना पिट्सबर्ग पायरेट्सने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये करारबद्ध केले. दोघेही भालाफेकपटू होते आणि बेसबॉल त्यांना ठाऊक नव्हता. २००९ मध्ये ते फ्लोरिडातील गल्फ कोस्ट लीगमध्ये, म्हणजे व्यावसायिक उतरंडीच्या अगदी खालच्या पायरीवर, खेळले. तेथेच १३ जुलैला रिंकूच्या नावावर विजय लागला. अमेरिकेतील व्यावसायिक सामना जिंकणारा तो पहिला भारतीय पिचर. दिनेश दोन हंगामांनंतर परतला. डावखुरा रिंकू काही पायऱ्या वर चढला, परंतु हाताच्या दुखापतींनी त्याची वाट अडवली आणि मेजर लीगपर्यंत तो पोहोचला नाही. पुढे तो व्यावसायिक कुस्तीत गेला.

आपण प्रयत्न जरूर करावा, मात्र भाल्याचा जोर चेंडूत तसाच उतरेल असे धरून चालू नये. भाला एकदा जोरात फेकला की विश्रांती मिळते. पिचरला साठ फूट सहा इंचांवरच्या अरुंद चौकटीत तोच जोर वीस वेळा, दोन चेंडूंमध्ये पंधरा-अठरा सेकंदच मिळत असताना, लावावा लागतो. वेग भाल्यातून येईल, अचूकपणा नव्याने शिकावा लागेल, आणि खालच्या लीगमध्ये पिचर मागे पडतात ते बहुधा अचूकपणा नसल्यामुळे. दोन्ही खेळांत ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर येतो. तेव्हा जिल्ह्यातील बेसबॉल प्रशिक्षकाकडे जाण्यापूर्वी कोपर अस्थिरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे आणि भाल्याच्या सरावाच्या दिवशी चेंडू हातात धरू नये.