डिसेंबरच्या थंडीत नागपुरात एकट्याने हाफ मॅरेथॉन पळावी का?

तुमचा प्रश्न असा की जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन (४२ किलोमीटर) आहे, त्याच्या आधी डिसेंबरात नागपुरातल्या हाफमध्ये (२१ किलोमीटर) नाव टाकून ठेवलंय पण थंडी बघून ग्रुपमधले सगळे मागे सरले, आता एकट्याने जायचं की राहू द्यायचं. जा नं, बिनधास्त जा. मी नागपुरातच पळतो आणि तयारीच्या काळात थंडीतली अशी एक रेस एकट्याने काढावीच या मताचा आहे, कारण मुंबईत तिसाव्या किलोमीटरच्या पुढे पेडर रोडचा चढ येतो तेव्हा आजूबाजूला हजारो लोक असले तरी तुमचा पेस (म्हणजे किलोमीटरला लागणारा वेळ) तुम्हालाच धरून ठेवावा लागतो, आणि ती सवय ग्रुपच्या गप्पांमध्ये लागत नाही.

युकी कावाउची नावाचा जपानी रनर आहे, मला फार आवडतो. सरकारी नोकरी करता करता, कोच न ठेवता तयारी करायचा, सरावासाठी रेसच पळायचा. १ जानेवारी २०१८ ला अमेरिकेत मार्शफील्डला उणे १७ च्या आसपास थंडी असताना फुल पळाला, २ तास १८ मिनिटं ५९ सेकंद, आणि ती रेस पूर्ण करणारा तो एकटाच होता. मग त्याच एप्रिलमध्ये बोस्टनला धो धो पाऊस, बोचरी थंडी, समोरून वारा, मोठेमोठे रनर मधेच सोडून गेले आणि हा जिंकला. आपली थंडी तेवढी नाही, पण २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ वर आला होता, म्हणजे अगदीच हलक्यात घेण्यासारखीही नाही.

आता मुख्य गोष्ट. थंडीत पेस फसवतो. अंगातली उष्णता सहज बाहेर जाते त्यामुळे त्याच स्पीडला हार्ट रेट कमी दिसतो, श्वास मोकळा वाटतो, आणि सोबत कोणी "जरा हळू" म्हणणारं नसलं की पहिल्या पाच किलोमीटरमध्येच माणूस नको तेवढा जोरात सुटतो. म्हणून पेस घरूनच ठरवून निघा. पहिले ३ किलोमीटर मुंबईच्या टार्गेट पेसपेक्षा किलोमीटरमागे १५-२० सेकंद हळू, मग सोळाव्यापर्यंत बरोबर टार्गेट पेसला, आणि शेवटच्या पाच किलोमीटरला, पायात दम असेल तर, मोकळं पळा. पर्सनल बेस्टच्या, म्हणजे स्वतःच्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या टायमिंगच्या, मागे लागू नका. आणि इथे जे टायमिंग येईल त्याला दोनने गुणून मुंबईचं स्वप्न तर अजिबात बघू नका, तिथे जानेवारीतही दमट असतं, घाम वाळत नाही, इथे सोपा वाटलेला पेस तिथे महाग पडतो.

पाण्याचंही तसंच आहे, थंडीत तहान लागत नाही पण घाम जातच असतो, वरून लघवीही जास्त होते. तहानेची वाट न बघता रस्त्यातल्या प्रत्येक पाण्याच्या स्टेशनला दोन घोट घ्या. एनर्जी जेल (पळताना ताकदीसाठी घ्यायचं गोड पाकीट) खिशात गार पडून घट्ट होतं आणि बोटं आखडली की फाडता येत नाही, ते कमरेच्या पट्ट्यात अंगाला लागून ठेवा. मुंबईत जे खाणार तेच इथे खा.

कपड्यांमध्ये लोक फार गुंडाळून येतात. दहाव्या मिनिटाला गरम होणारच आहे, त्यामुळे उभं असताना थोडी थंडी वाजली पाहिजे. आत घाम धरून न ठेवता पटकन वाळणारा ड्रायफिट टी-शर्ट (सुती नको, ओला झाला की अंगाला चिकटून गार लागतो), हातात ग्लोव्हज, कानावर बफ (डोक्यात-गळ्यात घालायची कापडी पट्टी), आणि वरून एखादा जुना स्वेटर जो सुटताना टाकून देता येईल, कारण एकट्याचा स्वेटर धरायला कोणी नसतं. अंबाझरी, फुटाळ्याच्या बाजूने पळत असाल तर तलावाजवळ गारवा एकदम जाणवतो, आणि डिसेंबरात सूर्यच पावणेसातच्या सुमारास उगवतो, तोवर ग्लोव्हज काढू नका. वॉर्मअप मात्र नीट, १० मिनिटं हलकं जॉगिंग तरी हवंच. दमा असेल तर इनहेलर खिशात, कोरडी गार हवा छाती आवळते. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा. बिबच्या (छातीवर लावायच्या नंबरच्या कागदाच्या) मागे ब्लड ग्रुप आणि घरच्यांचा नंबर लिहा, किती वाजेपर्यंत परत येणार तेही घरी सांगून निघा.

खरी थंडी फिनिशनंतर लागते. ओला टी-शर्ट तसाच ठेवून अ‍ॅक्टिव्हावर बसून घरी निघालं की वाऱ्याने दात वाजतात, आणि एकटे असाल तर गाडी पण तुम्हालाच चालवायची आहे. डिक्कीत कोरडा टी-शर्ट, टॉवेल, जाड जॅकेट ठेवाच, मेडल गळ्यात पडलं की फोटोच्या आधी कपडे बदला, मग गरम चहा, तर्री पोहे जे मिळेल ते पोटात टाका आणि हातपाय गरम झाल्यावरच गाडीला हात लावा.

हाफ मुंबईच्या ३-४ आठवडे आधी असेल तर वर सांगितलं तसं पळा, नंतर चारेक दिवस एकदम इझी. दोनच आठवडे राहिले असतील तर टार्गेट पेसचाही नाद सोडा, पूर्ण २१ आरामात काढा.