राज्यभर एकच प्रश्नपत्रिका आणि पाचवी-आठवीला नापास करण्याचा नियम : जिल्हा परिषदेच्या शाळा यामुळे सुधारतील का?

तिसरीपासून पुढे राज्यभर एकाच प्रश्नपत्रिकेवर होणाऱ्या चाचण्या आणि पाचवी-आठवीला पुन्हा आलेली उत्तीर्ण होण्याची अट यांमुळे जिल्हा परिषदेच्या शाळांचा दर्जा वाढेल का, आणि चौथीतल्या मुलीला पुढेही तिथेच ठेवावे का, असे आपण विचारले आहे. चाचणीमुळे फायदा होऊ शकतो, नापास करण्यामुळे होणार नाही, हे माझे मत. सांगली जिल्ह्यात, आधी जत तालुक्याच्या पूर्व भागात आणि नंतर वाळवा तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकवून मी निवृत्त झाले आहे. या विषयावर आमच्या घरात कित्येक वर्षे वाद चालू असल्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा प्रत्येक मूल शिकते करण्याचा राज्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि पाठोपाठ पायाभूत चाचण्या आल्या, तेव्हा मी त्यांच्या बाजूची होते. मुलांना वस्तू हाताळत, स्वतः करून शिकू देणाऱ्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शाळा पाहण्यासाठी त्या काळात राज्यभरातून शिक्षक येत असत. आम्हीही जाऊन आलो आणि परतल्यावर वर्गाच्या फरशीवर रंगाने आखणी केली, काड्यांचे गठ्ठे बांधले, मण्यांच्या माळा ओवल्या. मुलाला काय येते हे आधी पाहावे आणि तिथून पुढे शिकवावे, हा पायाभूत चाचणीचा हेतू मला तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो.

त्याच काळात एका गणपतीच्या सुट्टीत माझे धाकटे दीर घरी आले होते. ते तासगाव तालुक्यात माध्यमिक शाळेत गणित शिकवत असत. चौथीच्या उत्तरपत्रिका तपासून मी टेबलावर ठेवल्या होत्या, त्यांतली एक त्यांनी सहज उचलली. घरी कन्नड बोलणाऱ्या एका मुलीची ती होती. तिने 402 मधून 178 वजा करून 376 असे उत्तर लिहिले होते आणि मी नियमाप्रमाणे शून्य गुण दिले होते. “वहिनी, हीच पोरगी पाच वर्षांनी नववीत माझ्यासारख्याच कुणाच्या तरी वर्गात येऊन बसणार. तुम्ही ढकलता आणि आम्ही उचलतो. एकदा नापास करा, आपोआप शिकेल,” असे म्हणून त्यांनी ती उत्तरपत्रिका परत गठ्ठ्यावर टाकली.

मी ती पुन्हा त्यांच्यासमोर ठेवली आणि त्याच पानावरची बाकीची उदाहरणे पाहायला सांगितले. 75 मधून 32 वजा केल्यावर तिने 43 लिहिले होते आणि ते बरोबर होते. 63 मधून 28 वजा केल्यावर मात्र 45 लिहिले होते. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन काढायचे. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सातातून शून्य काढायचे. अशा रीतीने मुलगी प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढत होती आणि त्यात एकही चूक करत नव्हती. मांडणी नेटकी होती आणि एकअंकी वजाबाक्या तोंडपाठ होत्या. अडले होते ते फक्त दशक सुटा करण्यापाशी. तिला त्याच वर्गात आणखी एक वर्ष बसवून तोच ‘हातचा घे’ हा मंत्र पुन्हा ऐकवला असता, तर तिने आणखी वर्षभर तितक्याच नेटकेपणाने 376 लिहिले असते. दीर म्हणाले, “हे तुम्हाला दिसले, पण गुण शून्यच ना?” आमचा खरा वाद तिथून सुरू झाला.

पुढे मी तिला खेळातल्या नोटा घेऊन बसवले. साध्या दोनअंकी उदाहरणांत तिला दहाची नोट मोडणे लगेच जमले, पण 402 मध्ये मोडायला दहाची नोटच नव्हती. शंभराच्या दहा दहा करायच्या, त्यांतली एक मोडून दहा रुपये सुटे करायचे आणि नऊ नोटा दशकाच्या घरात तशाच ठेवायच्या, या तीन पायऱ्यांपाशी ती अनेकदा थांबली. दर वेळी नोटा गोळा करून पुन्हा पहिल्यापासून मांडायची. एके दुपारी ते जुळले. मग मधली सुट्टी संपली तरी ती फरशीवर खडूने स्वतःच 500, 700, 903 अशा संख्या लिहून त्यांची वजाबाकी करत राहिली. मी तिला उठवले नाही.

पुढच्या संकलित चाचणीत, म्हणजे सत्राच्या शेवटी होणाऱ्या चाचणीत, तिचे गणिताचे गुण फारसे वाढले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. उभ्या मांडणीतली उदाहरणे तिने बरोबर सोडवली होती, शाब्दिक उदाहरणे कोरी होती. ‘किती शिल्लक राहिले’ आणि ‘कितीने जास्त आहे’ या मराठी वाक्यांत ती अडखळत असे. वरच्या कार्यालयात गेलेल्या तक्त्यात ती जिथे होती तिथेच राहिली. मुलगी जे शिकली होती ते उत्तरपत्रिकेत होते, तक्त्यात नव्हते.

म्हणूनच सुधारणांबाबत मला एवढेच विचारावेसे वाटते की, चाचणीनंतर उत्तरपत्रिकेचे काय होणार? निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या काळात नियतकालिक मूल्यांकन चाचणी, म्हणजे आपण विचारलेली राज्यभर एकाच प्रश्नपत्रिकेवरची चाचणी आली, तेव्हा प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजीच्या छापील उत्तरपत्रिका शासनाकडून मिळू लागल्या. त्या वर्गशिक्षकाने तपासायच्या आणि गुण विद्या समीक्षा केंद्राच्या, म्हणजे शाळांची माहिती ऑनलाइन गोळा करणाऱ्या राज्याच्या यंत्रणेच्या, चॅटबॉटवर भरायचे, अशी रीत होती. गुण भरून झाले का, हे विचारणारे फोन मुदतीआधी येत असत. मुले कोणत्या उदाहरणात चुकली आणि आता तुम्ही काय शिकवणार, असे विचारणारा फोन मला कधी आला नाही. त्यात 2025 मध्ये पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा 25 एप्रिलपर्यंत लांबवल्या आणि निकाल नेहमीप्रमाणे 1 मे रोजी ठेवला. एवढ्या दिवसांत तपासणी कशीबशी उरकते, चुका वाचायला वेळ उरत नाही आणि ज्यांना पुन्हा शिकवायचे ती मुले सुट्टीवर गेलेली असतात.

राज्याची स्थिती कळण्यासाठी प्रत्येक मुलाची परीक्षा घ्यावी लागत नाही. मुलांना काय येते हे पाहणारे केंद्र सरकारचे परख सर्वेक्षण 4 डिसेंबर 2024 रोजी झाले, ते तिसरी, सहावी आणि नववीच्या निवडक शाळांतच. भाताचे शीत चाचपावे तसा हा प्रकार आहे आणि धोरण ठरवायला तो पुरेसा आहे. प्रत्येक मुलाची चाचणी घ्यायची असेल तर ती त्याच्या शिक्षकासाठी घ्यावी आणि तिच्या गुणांवरून शाळाशाळांची किंवा आसपासच्या शाळांच्या गटांची (केंद्रांची) तुलना करू नये. तुलना सुरू झाली की काय होते ते मी वाळवा तालुक्यात असताना पाहिले. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात, त्यांची मुले अधेमध्ये वर्गात येऊन बसतात, पायाभूत चाचणी त्यांनी दिलेलीच नसते. सरासरी खाली येऊ नये म्हणून अशी मुले नेमकी चाचणीच्या दिवशी फडावरच राहतील, याची काळजी घेतलेली मी पाहिली आहे. ती शाळा कोणती, हे इथे लिहिणार नाही.

आता नापास करण्याविषयी. आठवीपर्यंत कुणालाही त्याच वर्गात ठेवू नये, असे सांगणाऱ्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 मध्ये 2019 साली दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्राने ती 2023-24 पासून पाचवी-आठवीसाठी लागू केली. अनुत्तीर्ण मुलाला जादा अध्यापन द्यायचे, निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्यायची आणि तिथेही तो अनुत्तीर्ण झाला तर त्याच वर्गात ठेवायचे, असा हा नियम आहे. निकाल 1 मे रोजी आणि शाळा उघडणार जूनच्या मध्यावर. मधले सहा आठवडे मूल मामाच्या गावी असते आणि शिक्षकही सुट्टीवर असतात, मग हे जादा अध्यापन कोण आणि कोठे करणार? जे वर्षभरात साधले नाही ते जूनमधल्या दहा-बारा दिवसांत साधेल, असे मानणाऱ्यांनी एकदा चौथी-पाचवीचा वर्ग सांभाळून पाहावा. माझे दीर म्हणतात त्यातले एक मी मान्य करते : भागाकार न येणारी मुले नववीपर्यंत पोहोचतात आणि तिथल्या शिक्षकाला साठ मुलांच्या वर्गात त्यांच्याकडे पाहायला सवड नसते. मात्र याचे खापर ते ज्या ढकलपासावर फोडतात, तसे न शिकवता पुढे ढकलणे कायद्यात नव्हते. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले, त्यात वर्षभर नोंदी ठेवून मागे पडलेल्याला पुढे आणण्याची जबाबदारी शाळेवर होती. बऱ्याच ठिकाणी ‘नापास करू नका’ एवढेच वाचले गेले आणि नोंदवह्या मार्चमध्ये एका बैठकीत भरल्या गेल्या. भाऊजींनी हा शासन निर्णय अजून वाचलेला नाही, याची मला खात्री आहे.

शिष्यवृत्ती परीक्षेचा निर्णय मात्र मला पटला. 2016-17 पासून ती पाचवी-आठवीला गेली होती, ती चौथी-सातवीला परत आणण्याचे आता ठरले आहे. आपल्याकडच्या कितीतरी गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच असल्यामुळे त्या शाळांतून ही परीक्षाच निघून गेली होती. मुलीला जरूर बसवा, पण चार हुशार मुलांची तयारी करून घेण्यात उरलेला वर्ग वाऱ्यावर सोडला जात नाही ना, तेही पाहा.

माझा अनुभव कमी पटाच्या शाळांचा आहे. सांगली शहरातल्या मोठ्या वर्गात एकेका मुलाच्या वजाबाकीकडे असे पाहता येईलच, असे मी म्हणणार नाही. एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतील किंवा पद रिक्त असेल, तर माझे वरचे बरेचसे म्हणणे लागू होत नाही. म्हणून मुलीला तिथे ठेवावे की नाही, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. आपण शाळेत जाऊन तिची शेवटच्या चाचणीची गणिताची उत्तरपत्रिका पाहायला मागा आणि चुकलेले एखादे उदाहरण दाखवून, ती नेमकी कोठे अडली, असे बाईंना विचारा. त्यांना ते सांगता आले तर मुलीला हलवू नका. आणि मुख्याध्यापकांना हेही विचारा की, पाचवीत एखादे मूल अनुत्तीर्ण झाले तर 1 मेपासून शाळा उघडेपर्यंत त्याला कोण शिकवणार आहे.